कावसजी जहांगीर हॉल: सभागृह गमावले की कलादालन कमावले?

रिकामी चौकट

परवा 'जुना श्रोता' यांनी लिहिले की, १९११ साली मुंबईच्या फोर्ट भागात सार्वजनिक सभांसाठी बांधलेले सर कावसजी जहांगीर सभागृह १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय करून सरकारने मुंबईकरांची जागा मूठभर चित्रशौकिनांच्या घशात घातली. तेथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण 'घशात घातली' हे शब्द डाचत राहिले, म्हणून हा वेगळा धागा.

ज्या सभागृहाचे सुतक श्रोतेसाहेब पाळत आहेत, त्याची रया केव्हाच गेली होती. शहरात अधिक सोयीची सभागृहे उभी राहिली, तसे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी उभारलेल्या या वास्तूच्या वाट्याला लग्ने, मुष्टियुद्धाचे सामने आणि कामगार संघटनांचे मेळावे एवढेच उरले. याच विटेट यांनी गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उभारले, हे लक्षात घेतले म्हणजे ती अवकळा अधिक खुपते. ही जागा कलेसाठी मिळावी म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि 'केमोल्ड' कलादालनाचे केकू गांधी यांनी नेटाने पाठपुरावा केला. पिलूबाई १९८६ मध्ये गेल्या; संग्रहालयाचे दार उघडलेले त्यांनी पाहिलेच नाही. त्यांच्या त्या खटपटीला 'घशात घालणे' म्हणायचे असेल, तर शब्द जरा जपून वापरावेत.

जुना श्रोता

आपण स्वतःच सापळ्यात सापडलात. 'कामगार संघटनांचे मेळावे एवढेच उरले' हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून त्या सभागृहात गेलो आहे. भाषणातले एक अक्षर मला कळले नसेल, पण एवढ्या उंच छताखाली आपल्या माणसांचा आवाज घुमतो, हे आजही कानांत आहे. तुम्हाला ती अवकळा वाटते, आम्हाला तो वापर वाटतो. वास्तुविशारद रोमी खोसला यांनी आत मजल्यांवर मजले चढवून अर्धवर्तुळाकार दालने केली, तेव्हा तो आवाज कायमचा बंद झाला.

पायरीवरची

दोघांचेही भांडण १९९६ पाशीच थांबले आहे. त्यानंतर आत काय झाले, त्याचे काय? पहिल्याच प्रदर्शनात कलावंतांचा प्रोग्रेसिव्ह गट आला, म्हणजे १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्यासह ज्या गटात गाडे आणि बाकरे होते, तो. पुढे पिकासोची चित्रे आली. अलीकडे चित्रकार प्रभाकर बरवे आणि सुधीर पटवर्धन यांची सिंहावलोकनी प्रदर्शने झाली. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत लोकल गाड्यांतली, बांधकामांवरची माणसे रंगवणाऱ्या पटवर्धनांना घुमटापर्यंत सगळी जागा मिळाली, हे मला मूठभरांचे काम वाटत नाही.

खरा प्रश्न कोण काय ठरवते हा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बरव्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकर संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल बोलू लागले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवण्यात आले. ज्या वास्तूत सभा होत, तेथे एक भाषण पुरे होऊ शकले नाही. श्रोतेसाहेब, तुमच्या बाजूने एवढा मोठा मुद्दा पडून होता आणि तुम्ही मजले मोजत बसलात.

रिकामी चौकट

उद्घाटन बरव्यांचे होते. त्या संध्याकाळी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाचा हिशेब मांडणे औचित्याला धरून होते का, हेही विचारावे लागेल.

पायरीवरची

अवश्य विचारा, फक्त समोरच्याला उत्तर पुरे करू द्या.

गिरगावकर

समित्या आणि मंत्रालय बाजूला ठेवा, फलकांवरचा मजकूर कोणत्या भाषेत असतो ते सांगा. मी आईला घेऊन समकालीन कलेच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. स्थळाचे नाव सांगत नाही. भिंतीवर हातभर इंग्रजी मजकूर होता आणि त्यातला निम्मा मलाही कळला नाही. आई प्रत्येक चित्रापाशी थांबे, फलकाकडे पाही आणि नंतर माझ्याकडे पाही. चौथ्या चित्रानंतर ती बाकावर जाऊन बसली. बरव्यांनी 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत लिहिले. चित्रकार स्वतः मराठीत विचार करून गेला, मग त्याच्याविषयी मराठीत चार ओळी लिहिताना कोणाची लेखणी मोडते?

अमूर्त

चित्राला भाषा नसते. मी तर फलक वाचतच नाही आणि नवख्यांनाही तेच सांगतो. बरव्यांच्या चित्रातले घड्याळ किंवा पान पाहायला शब्दकोश कशाला हवा?

गिरगावकर

फलक न वाचण्याची चैन ज्याला तो वाचता येतो त्यालाच परवडते. माझ्या आईला 'वाचू नकोस' असे सांगायची गरजच नव्हती, ती सोय आधीच करून ठेवलेली होती.

अमूर्त

प्रत्येक गोष्टीत भाषेचे राजकारण आणायचे असेल, तर चर्चाच खुंटली.

पायरीवरची

खुंटलेली नाही, तुम्हाला टोचली आहे. आपण वर ज्यांचे नाव घेतले, त्याच पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरवले. 'चित्राला भाषा नसते' एवढ्यावर त्यांचे समाधान झाले असते, तर मुंबईबाहेर पडण्याची तसदी त्यांनी घेतली नसती.

भायखळ्याचे उदाहरणही पाहा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून लोकांचे आहे. डागडुजीनंतर ते २००८ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हापासून सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया या आजच्या कलावंतांचे काम तेथे जुन्या मातीच्या बाहुल्या आणि काचेच्या कपाटांच्या सोबतीने मांडले गेले. शेजारच्या राणीच्या बागेत मुलांना घेऊन आलेली माणसे आत शिरतात आणि नकळत आजच्या कलेसमोर उभी राहतात. फोर्टात मात्र ठरवून जावे लागते आणि ज्याला जायचे ठरवता येते तोच जातो.

रिकामी चौकट

हे मान्य करणे जड जाते, पण माझ्या पिलूबाईंनाही तुमचे भायखळा आवडले असते. तरीही भाऊ दाजींच्या कपाटांत पटवर्धनांचे भलेथोरले कॅनव्हास कोठे टांगणार, हे सांगा. त्याला भिंत लागते, आणि ती भिंत फोर्टात आहे.

जुना श्रोता

'घशात घातली' हे शब्द मागे घेतो; पोचखानवाला बाईंची हकीकत मला ठाऊक नव्हती. त्या जागी 'मोठ्या सद्भावनेने हिरावून घेतली' असे वाचावे. पटवर्धनांची बांधकामावरची माणसे त्या घुमटाखाली पोहोचली याचा आनंद आहेच, पण ती चौकटीत बसून पोहोचली. माझे वडील चालत पोहोचले होते.

गिरगावकर

पिकासो झाला, पालेकर झाले, भायखळाही झाले. आई पुन्हा एकदा यायला तयार आहे. फक्त या वेळी तेथे तिला वाचता येईल असे काही असेल का, एवढे तिने आधी विचारून ठेवायला सांगितले आहे.