पणजीचं पाणी: पंप लावायचे की पाण्याला जागा द्यायची?

मळेकर

आमचं घर पणजीच्या मळा भागात, आल्तीन टेकडीच्या पायथ्याशी. दारात चार पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर आजोबांनी छिन्नीने एक रेघ मारून ठेवली होती, त्यांनी पाहिलेल्या सगळ्यात चढलेल्या पाण्याची. ती रेघ आता एकेका पावसाळ्यात दोन-तीनदा बुडते. गेल्या खेपेला पाणी तिसरीला टेकलं.

सांगायची गोष्ट पुढेच आहे. पाऊस थांबून दीड तास झाला तरी पाणी जागचं हलेना. आम्ही बादल्या घेऊन बसलेलो. मग दुपारी केव्हातरी, कोणी काहीही न करता, मोरीतला बोळा काढावा तसं ते उतरायला लागलं. ना कोणी चेंबर उघडलं होतं, ना कोणी जाळी साफ केली होती. खाडीला ओहोटी लागली होती, बस्स.

म्हणून दर जूनमध्ये होणारं 'गटारं साफ केली की नाही' हे भांडण मला अर्धवट वाटतं. गटार आरशासारखं चकचकीत असलं तरी त्याचं तोंड भरतीच्या पाण्याखाली गेलं की ते गटार उरत नाही, हौद होतो. पणजी मुळात दलदल आणि वाळूचे ढीग. १८२७ नंतर दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू या व्हाइसरॉयच्या काळात भर घालून, वाळू सपाट करून रस्ते आखले गेले आणि १८४३ साली ही राजधानी झाली. एका अंगाला सांतिनेजची खाडी, दुसऱ्या अंगाला आमची मळ्याची, समोर मांडवी. पाण्याला बसायला जागा होती म्हणून गाव टिकलं. ती जागा आपण भरत आलो आणि आता पाणी घरात बसतं.

माझं मत: पंपांवर पैसा ओतण्याआधी दोन्ही खाड्या रुंद आणि खोल करा, पाटो आणि रिबंदरच्या बाजूची उरलेली पाणथळ, मिठागरं यांना हात लावू नका. पंप हा तात्पुरता उतारा आहे, औषध नाही. विरोधी मतं येऊ देत. फक्त 'लोक प्लास्टिक टाकतात' एवढं लिहून पळू नका.

---

काजूवाला

मळेकर, तुमचं पटतं, पण तुमच्या पाणथळीने माझा फ्रीज वाचत नाही.

माझं दुकान १८ जून रस्त्याला लागून. जून ते सप्टेंबर खालची दोन फडताळं रिकामी ठेवतो. शटरच्या खाली फळी, फळीमागे वाळूची पोती, पोत्यांच्या फटीत जुन्या चादरी. तरी पाणी येतं, कारण ते दारातून येतच नाही. आतल्या न्हाणीच्या जाळीतून वर येतं. गटारातलं पाणी उलटं फिरतं आणि फरशीवर पहिल्यांदा झुरळं दिसतात, मग पाणी. झुरळं दिसली की आम्ही काजूची खोकी माळ्यावर चढवायला घेतो. हवामान खात्यापेक्षा आमचा झुरळांवर भरवसा जास्त!

पूर्वी पावसाळा म्हणजे धंद्याला सुट्टी. आता पुण्या-मुंबईकडची, बेळगावची माणसं मुद्दाम पावसात येतात, हॉटेलं स्वस्त असतात म्हणून. घोटाभर पाण्यात कोण खरेदीला उतरणार? खाडी रुंद व्हायला दहा वर्षं लागतील. पंप या जूनला लागतो. मला पंप द्या, बाकीची चर्चा सावकाश करा.

---

लेव्हलमास्तर

पावसाळी गटारांच्या आखणीत उभी हयात गेली, म्हणून थोडा हिशेब मांडतो. काजूवाल्यांच्या भागात उतरणारं क्षेत्र अर्धा चौरस किलोमीटर धरू. (धरू म्हणतोय, मोजलेलं नाही.) तासाला ५० मिलिमीटर पाऊस, हा आपल्याकडे काही अचाट नाही. डांबर, स्लॅब, पेव्हर यांवरून त्यातला ८० टक्के पाऊस वाहून येतो असं समजा. म्हणजे एका तासात २०,००० घनमीटर. दहा हजार लिटरचे टँकर म्हटले तर २,००० टँकर.

हे पाणी येईल तसं उपसायचं तर सेकंदाला साडेपाच घनमीटर उपसणारे पंप हवेत. रस्त्यावर फटफटणारा डिझेल पंप आणून सोडतात, तो या हिशेबात चमचा आहे.

आता मळेकरांची बाजू तपासू. तेच पाणी साठवायचं तर एक मीटर खोलीची दोन हेक्टर जागा लागते, साधारण पाच एकर. गावाच्या मधोमध पाच एकर कुठे आहेत? आझाद मैदान आणि नगरपालिकेची बाग दोन्ही खणलीत तरी भागेल असं वाटत नाही, आणि खणायला गेलात तर धाग्यावरचेच लोक आधी आडवे पडतील. खाडी रुंद करा म्हणणं सोपं आहे. तिच्या काठावर घरं, दुकानं, मंदिरं, गॅरेज आहेत. ती कोण हलवणार?

पंप, भरतीला बंद होणारी झडप आणि पंपासाठी वेगळा जनरेटर. तिन्ही एकत्र. याला पर्याय नाही.

---

परळकर

मुंबईहून लिहितोय. पंपाच्या बाजूने बोलायला आलो होतो, पण पूर्ण बोलता येत नाहीये.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा आम्ही परळहून दादरला चालत गेलो, छातीभर पाण्यातून. नंतर कळलं की शहराची १८६ पातमुखं (गटारं समुद्राला मिळतात ती तोंडं) आहेत, त्यातली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या रेषेखाली, आणि भरतीच्या वर फक्त ६. सहा! ब्रिमस्टोवॅड हा मुंबईच्या पावसाळी गटारांचा आराखडा १९९३ चा. गटारं तासाला २५ ऐवजी ५० मिलिमीटर पावसाला पुरतील अशी करा आणि आठ ठिकाणी पाणी उपसणारी उदंचन केंद्रं उभारा असं त्यात होतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला वगैरे झाली. फरक पडला का? पडला, खोटं कशाला बोलू. पण आमच्या हिंदमाताला तेवढ्याने भागलं नाही. शेवटी सेंट झेवियर्सचं मैदान आणि दादरचं प्रमोद महाजन उद्यान यांच्याखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधाव्या लागल्या. भरती उतरेपर्यंत पाणी तिथे थांबवायचं, मग सोडायचं.

म्हणजे लेव्हलमास्तर, जागा नाही म्हणता, पण मुंबईत मैदानाच्या पोटात ती काढलीच की.

---

फ्लोरिडाकर

मी मायामी बीचजवळ राहतो. समुद्रावरचं पर्यटनाचं गाव, पैशाला तोटा नाही. इथे उन्हात, ढग नसताना रस्त्यावर पाणी येतं. शरदातल्या मोठ्या भरत्यांना गटारांतून उलटं वर येतं. त्यांनी मोठे पंप बसवले आणि काही भागांत रस्तेच दोन-दोन फूट उचलले. कोरडे झाले ते रस्ते, नाकारत नाही. पण रस्ता वर गेल्यावर बाजूची जुनी दुकानं खड्ड्यात राहिली आणि पावसाचं पाणी त्यांच्याकडे वळण्याची भीती सुरू झाली. १ ऑगस्ट २०१७ ला वादळाच्या पावसात वीज गेली, काही पंप बंद पडले आणि गाव बुडालं. पंपांना पुरेसे जनरेटर जोडलेले नव्हते.

इथली जमीन छिद्राछिद्रांच्या चुनखडीची, पाणी खालून वर येतं. पणजीची गोष्ट वेगळी. पण वीज जाणं दोन्हीकडे सारखंच.

---

काजूवाला

आमच्याकडे वीज जायला वादळ लागत नाही हो, चार थेंब पुरतात.

पण तो रस्ता उचलण्याचा प्रकार ओळखीचा आहे. आमच्या गल्लीत प्रत्येक डांबरीकरणाला जुनं न खरवडता वर थर चढवतात. वडिलांच्या काळी दुकानात चढायला एक पायरी होती. आता दुकानात उतरतो.

---

आल्तिनवासी

मळेकर, राग मानू नका, पण तुमच्या गल्लीतून रोज चालत जातो म्हणून विचारतो. तुमच्या घराच्या पुढच्या आवारात पूर्वी नारळ, जास्वंद आणि मोकळी माती होती. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत आणि दोन गाड्या. पाण्याला जागा द्या म्हणताना ती सुरुवात कुठून व्हायची?

---

मळेकर

मानत नाही राग. पेव्हर मीच घातले, २०१४ ला. चिखलाला बायको कंटाळली होती आणि मीही. पण आल्तीनवरून बोलताय म्हणून सांगतो, तुमच्या टेकडीचं पाणी आमच्या डोक्यावर येतं. वर झाडं कापून जेवढा सिमेंटचा पसारा वाढला, तेवढा ओघ जोरात उतरतो. पायऱ्यांच्या वाटेवरून तांबडं पाणी धबाबा खाली येताना पाहिलंय मी.

---

लेव्हलमास्तर

इथे मळेकरांनी न कळत मुद्द्याला हात घातला. टेकडीवरचं पाणी सखल भागात उतरूच का द्यायचं? ते उंचावर असतानाच वेगळ्या बंद गटारात घेऊन थेट नदीत न्यायचं, वाटेत खालच्या गटारांना कुठेही जोडायचं नाही. मागे उंचीचा दाब असल्याने बाहेर भरती असली तरी ते स्वतःच्या जोरावर बाहेर पडतं, वीज लागत नाही. मग पंपाला फक्त सखल भागात पडलेला पाऊस उपसायचा राहतो. पंप लहान होतात, मळेकरांची टाकीही लहान होते. वरचं पाणी वरच्यावर, एवढं साधं आहे.

पंप हवेतच, यावर मात्र मी ठाम आहे.

---

आल्तिनवासी

आणि ते बंद गटार टाकायला परत रस्ते खणणार? २०१६ ला स्मार्ट सिटीच्या यादीत नाव आलं आणि पुढे गावाची जी चाळण झाली, ती विसरलात? धुळीच्या याचिकांवर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना स्वतः रस्त्यावर उतरून पाहणी करावी लागली होती. आमच्या गटाराचं काम चालू असताना मुकादमाला विचारलं, उतार कुठल्या बाजूला? तो म्हणाला, पाणी आपली वाट शोधतं साहेब. शोधली. समोरच्यांच्या पोर्चमध्ये.

---

दिवाडचा शेतकरी

सगळं वाचलं. सगळे शिकलेले, पण भरतीला गटार बंद करायची झडप काही आज निघालेली नाही. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतात, बांधाला मानस असते, लाकडी दारांची. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दारं आपोआप मिटतात. ओहोटीला आतलं पाणी रेटा देऊन ती उघडतं. ना वीज, ना डिझेल. शेकडो वर्षं चालत आलंय, म्हणून खाऱ्या जमिनीत कोरगूट भात पिकला.

पण मळेकरांना एक सांगतो. मानस चालते ती आत भाताची खाचरं असतात म्हणून. सहा तास पाणी आत तुंबलं तरी शेत बुडून मरत नाही. तुमच्या आत दुकानं आहेत. नुसती झडप लावलीत तर समुद्र बाहेर राहील आणि पाऊस आत कोंडेल. तेव्हा लेव्हलमास्तर म्हणतात तो पंप लागणार. खाजनाची आठवण काढून पंपाला नावं ठेवू नका.

आणि दुसरी गोष्ट, जी मला मोठी वाटते. मानशीवर मासळी धरायचा हक्क लिलावात जातो. ज्याने पैसे भरले तो रात्री-अपरात्री कंदील घेऊन येतो, जाळं लावतो, दार अडकलं तर सोडवतो, फळी कुजली तर आधी त्यालाच कळतं. त्याचं पोट त्यावर. शहरातल्या झडपेत कोणाची मासळी आहे? कोणाचीच नाही. म्हणून ती गंजली तरी पुढच्या जूनपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

---

काजूवाला

माझे काजू आहेत ना तिथे. लिलाव काढा, मी बोली लावतो.

---

परळकर

हसू नका, यात तथ्य आहे. आमच्याकडेही पंप कुठला आणि किती क्षमतेचा याच्या बातम्या येतात; पहाटे तीनला तो चालू करायला कोण हजर होतं, हे कधीच छापून येत नाही.

---

मळेकर

दिवाडकरांचं वाचून आज ओहोटीच्या वेळेला आमच्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन आलो. इतकी वर्षं इथे राहतो, कधी गेलो नव्हतो. तिथे लोखंडी झडप आहे! कोणी बसवली, केव्हा, शेजारच्या चहावाल्यालाही माहीत नाही. ती अर्धी उघडी अडकलेली आहे. मध्ये एक अख्खा शहाळ्याचा नारळ आणि प्लायवूडचा तुकडा. म्हणजे भरतीचं पाणी सरळ आत आणि आतल्या पाण्याला बाहेर जायला अर्धीच वाट. दोन्हीकडून तोटा.

पंपाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, निम्मं. खाडी भरू नका हे मागे घेणार नाही. पेव्हरचं बघतो, एका गाडीपुरते ठेवून बाकीचे काढता येतील असं बायको म्हणते, म्हणजे ते ठरलंच.

नारळ काठीने काढायला गेलो, जमलं नाही. चिखल मांडीभर आहे, दोघं तरी हवेत.

---

आल्तिनवासी

उद्या सकाळी येतो. वेळ काय?

---

दिवाडचा शेतकरी

तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. उद्या अष्टमी, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, तेव्हा उतरा. आणि कोयता न्या, शहाळं अडकलं की काठीने निघत नाही.