मदत हवी आहे: पर्यटकांच्या शहरातल्या बेघर माणसांचे फोटो कसे काढावेत?

नमस्कार मंडळी,

पर्यटनासाठी नावाजलेल्या एका शहरात रस्त्यावर राहणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यावर मी फोटोमालिका करते आहे. कॅमेऱ्याची सवय आहे, घोडं अडलंय ते दुसरीकडेच.

अशा शहरातल्या प्रसिद्ध जागांचे फोटो ढिगाने निघतात आणि त्यातून ही माणसं नेमकी वगळलेली असतात. आलीच तर ठरलेल्या साच्यात येतात: मागे रोषणाई केलेली वास्तू, पुढे फाटक्या पांघरुणात झोपलेला माणूस. तो विरोधाभास खोटा नाही, पण त्या माणसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. त्याच्या जागी दुसरा कुणीही चालला असता.

मला दिसतं ते असं. एक आजी पहाटे उठून प्लास्टिकच्या कागदाची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालतात. बोचकं कठड्याच्या आतल्या बाजूला, सफाईवाल्यांच्या नजरेत येणार नाही असं बांधतात. बाटलीतल्या पाण्याने तोंड धुऊन केस विंचरतात आणि पर्यटकांची पहिली बस यायच्या आत जागा रिकामी करतात. रात्री दिवे मालवले की परत. पर्यटकांच्या वेळापत्रकावर त्यांचा सगळा दिवस चालतो, आणि पर्यटकांना त्या कधी दिसतच नाहीत. हे फोटोत आणायचंय.

आजींशी बोलणं होतं, त्या "काढ की" म्हणतात. पण तो फोटो कुठवर जाऊ शकतो याची त्यांना कल्पना नसेल, तर त्या होकाराला कितपत धरायचं? अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात, निपोमोजवळच्या मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. तिचं नाव विचारलं नव्हतं, हे लँग यांनी स्वतःच पुढे लिहिलं. फोटो छापून आल्यावर छावणीसाठी अन्न आलं, तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलं होतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला १९७८ साली कळलं. त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, ही तिची खंत होती. हा फोटो माझ्या डोक्यातून जात नाही.

तर, परवानगी कशी घ्यावी? झोपलेल्यांचे फोटो काढावेत का? आणि पैसे द्यावेत का?

प्रतिसाद १

झोपलेल्यांचे काढू नका. झोपलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. नशेत असलेल्यांचं आणि एकट्या मुलांचंही तेच.

परवानगी एकदा घेऊन भागत नाही. आधी काढलेले फोटो त्यांना दाखवा, कुठे लागणार ते सांगा आणि नंतर नको म्हणाल तर काढून टाकेन असा शब्द द्या. पण इंटरनेटवर गेलेला फोटो पुरता मागे घेता येत नाही, हेही तेव्हाच सांगा. मोबाईलवर दाखवलेला फोटो लगेच विसरला जातो, छापलेला हातात राहतो. लॅमिनेट करून द्या, उघड्यावर साधा कागद टिकत नाही.

लेन्स ३५ मिमी किंवा त्याच्या आसपासची घ्या. दूरचं जवळ आणणाऱ्या २०० मिमीच्या लेन्सने लांबून काढलात तर ती टेहळणी होते. ३५ ने जवळ जावंच लागतं, बोलावं लागतं. आणि खाली बसा. उभ्याने काढलं की माणूस आपोआप लहान दिसतो. पहाटे फ्लॅश नको, आयएसओ (कमी उजेडात टिपण्याची कॅमेऱ्याची क्षमता) वाढवा, फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत. मागची रोषणाई जळून नुसती पांढरी दिसली तरी चालेल, एक्सपोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावरून ठरवा. बोचकं बांधणारे हात, जुळलेले कोपरे, कंगवा, हे जवळून घ्या. चेहरा न दाखवताही त्यांची सकाळ कळेल.

पैशांचं म्हणाल तर फोटोच्या बदल्यात देऊ नका, मग नाही म्हणणं अवघड होतं. एरवी ओळखीच्या माणसाला मदत करतो तशी करा, कॅमेरा पिशवीत असताना.

प्रतिसाद २

वरच्यात एक जोडते. त्या बोचकं कुठे ठेवतात आणि कुठे झोपतात ते फोटोवरून ओळखू येता कामा नये. फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याची जीपीएस नोंद असू शकते, ती पुसूनच फोटो टाका. पर्यटनाच्या जागी अशा फोटोमुळे तक्रार होऊन माणसांना हुसकावलं जाऊ शकतं. फलक, दुकानांच्या पाट्या फोटोतून कापा, फोटोखालच्या ओळींमध्ये गल्लीचं नाव नको. जाहिरातीसाठी कुणी फोटो मागितला तर वेगळी लेखी संमती लागते, आणि माझं मत विचाराल तर तिथे नाहीच म्हणा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कठड्याची चौकट असलेले फोटो मालिकेतून काढते आहे, त्यात मागची कमान स्पष्ट ओळखू येते. आजींना प्रिंट दाखवून कुठले ठेवायचे ते त्यांनाच निवडायला सांगणार आहे. एक राहिलं: त्यांना वाचता येत नाही, तर फोटोखालच्या ओळी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्याव्यात का? कुणी असं केलं असेल तर जरूर लिहा.