‘फिगर एट’: कैची, पकड की तिढा?

शब्दवेडी: WWEच्या कुस्तीतल्या शार्लट फ्लेअरच्या ‘फिगर एट लेगलॉक’ या पायाच्या पकडीला मराठीत काय म्हणावं? एके ठिकाणी ‘आठ आकडी कैची’ वाचलं. पटलं नाही.

आखाडा: न पटण्यासारखंच आहे. कैचीत आपल्या दोन पायांत समोरच्याला आवळतात. इथे समोरचीचेच पाय एकमेकांत अडकवायचे असतात. शिवाय आठचा आकार कुठेच दिसत नाही. मूळ डाव ‘फिगर फोर’, शार्लटच्या वडिलांचा, रिक फ्लेअरचा, हुकमी एक्का. त्याच्याही आधी तो बडी रॉजर्सने गाजवला होता. लेकीने त्यात कमान घातली, म्हणून चारचे आठ झाले, इतकंच.

शब्दवेडी: निदान चार तरी दिसतो का?

रिंगसाइड: दिसतो, पण इंग्रजी चार. आपल्या ४ची गाठ वेगळी, त्यामुळे ‘चौकडी’ वगैरे करू नका. समोरची उताणी पडली की तिचा एक पाय धरायचा, आपला पाय तिच्या दोन पायांच्या मधे रोवायचा आणि गिरकी घ्यायची. धरलेला पाय गुडघ्यात दुमडतो, नडगी दुसऱ्या सरळ पायावर आडवी पडते. हा चार. मग मागे टेकायचं आणि मोकळा पाय तिच्या दुमडलेल्या पायाच्या पावलावर चढवायचा. आता सुटका नाही. शेवटी हाताचे तळवे मागे टेकून कंबर उचलायची, चक्रासनासारखी. सगळे गुडघ्याबद्दल बोलतात, पण खरी कळ नडगीला लागते.

गिरकी उलट्या बाजूने घेतली तर तिढा बसतच नाही. फार लांब टेकलं तर कमान करताना पाऊल निसटतं, फार जवळ टेकलं तर तिच्या गुडघ्यावर खरोखरच भार येतो. म्हणून कमानीतलं वजन स्वतःच्या तळव्यांवर घ्यायचं. समोरचीनेही पाय सैल सोडायला हवा. आखडून धरला तर गिरकीतच गुडघा पिळवटतो.

शब्दवेडी: कमान नुसती दिखाऊ नाही ना?

आखाडा: दिखाऊ आहेच, पण नियमातही बसते. फिगर फोरमध्ये दोघीही पाठीवर असतात. जिचे दोन्ही खांदे टेकतील तिच्यावर पंच तीन मोजू शकतो, म्हणजे ती हरते. कमानीत डाव टाकणारीचे खांदे वरच राहतात. समोरचीने रिंगची दोरी धरली तर मात्र पंचाने पाच म्हणायच्या आत पकड सोडावी लागते. समोरची पालथी वळली की दाब डाव टाकणारीवरच उलटतो, हा रिंगमधला जुना संकेत.

आणि ‘चितपट केलं’ लिहू नका. ८ एप्रिल २०१८ला, रेसलमेनिया ३४ या WWEच्या मोठ्या कार्यक्रमात, असुका या कुस्तीपटूची अपराजित घोडदौड याच पकडीत थांबली. तिने हाताने थापटून हार कबूल केली होती, तिच्या पाठीवर तीन मोजले गेले नव्हते.

शब्दवेडी: मग ‘कमानीचा पायतिढा’?

रिंगसाइड: चालेल. पहिल्या उल्लेखात ‘फिगर एट’ ठेवा, नाहीतर चाहत्यांना कळणार नाही कोणता डाव ते.