पगाराचा रकाना रिकामा: परदेशातल्या नोकरीचा आकडा तुम्ही कसा काढलात? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. मी चाकणला गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिते, नऊ वर्षं झाली. गेले दोन महिने श्टुटगार्टच्या आसपासच्या जाहिराती बघतेय. सायकल लीजवर मिळेल, ऑफिसात ताजी फळं मिळतील, ३० दिवस सुट्टी, कुत्रा आणला तरी चालेल, सगळं लिहिलेलं असतं आणि पगाराच्या जागी फक्त "आकर्षक". वर अर्ज भरताना मलाच विचारतात की बाई तुमची अपेक्षा किती, वार्षिक, ब्रुटो, म्हणजे कर कापायच्या आधीचा. म्हणजे दुकानात भाव लावायचा नाही आणि गिऱ्हाइकाला विचारायचं तुम्ही किती द्याल. जास्त लिहिलं तर पहिल्याच चाळणीत बाहेर, कमी लिहिलं तर तीन वर्षं बसा रडत. सासूबाई युरोला गुणून मोकळ्या होतात आणि म्हणतात एवढे लाख! पण तिथे भाडं जाऊन हातात काय उरतं ते कोणी सांगत नाही.

जे जाऊन आलेत, जे तिथे आहेत, ज्यांनी नाही म्हटलं, सगळ्यांनी लिहा. कुठलाही देश चालेल. कंपनीचं नाव नको, आकडे मात्र हवेत.

वसईवाला

धाग्याची गरज होतीच. मी २०२४ ला म्युनिकला आलो. पहिल्याच कॉलवर एचआरने गोड आवाजात विचारलं सध्या किती घेतोस, मी शहाण्यासारखं सांगून टाकलं, चौदा लाख. ऑफर आली ४५,५०० युरो. मला वाटलं अरे जवळजवळ तिप्पट, घरी पेढे वाटले. इथे आल्यावर कळलं की त्या वर्षी ब्लू कार्डसाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांच्या कामाच्या परवान्यासाठी, सरकारने लावलेली किमान मर्यादाच ४५,३०० होती. म्हणजे मला व्हिसा मिळण्यापुरता पगार दिला, वर दोनशे युरो दक्षिणा. शेजारच्या टेबलावरचा पोरगा, अनुभव माझ्याइतकाच, वीस हजारांनी जास्त घेतो कारण त्याला त्याचा आधीचा पगार कोणी विचारला नाही आणि त्यानेही सांगितला नाही.

तर पहिलं काम हे, की त्या देशाची व्हिसाची किमान पगारमर्यादा बघा. ती दरवर्षी बदलते, जर्मनीत २०२५ ला ४८,३०० होती, २०२६ ला ५०,७००. टंचाईच्या व्यवसायांना आणि नव्या पदवीधरांना कमी असते. हा आकडा म्हणजे जमीन आहे, छप्पर नाही. ऑफर या आकड्याला चिकटून आली की समजायचं तुमची किंमत कोणी केलेलीच नाही, फक्त फॉर्म भरलाय.

हातात किती म्हणाल तर टॅक्स क्लास १ मध्ये, म्हणजे एकट्या माणसाच्या कराच्या गटात, माझे महिन्याला अडीच हजारांच्या जवळपास यायचे. त्यात मी वसईचा कॅथलिक, पत्ता नोंदवायला गेलो तेव्हा फॉर्मवर धर्माचा रकाना होता, तो इमानदारीत भरला. पहिली पगारस्लिप आली त्यात चर्च टॅक्स! बव्हेरियात इन्कम टॅक्सच्या ८ टक्के, महिन्याला चाळीसेक युरो. आई म्हणाली देवाच्याच घरी गेले ना, जाऊ दे.

जर्सीतला नगरकर

अमेरिकेत हे सगळ्यात सोपं आहे आणि तरी आपली पोरं फसतात. एच-१बी या कामाच्या व्हिसासाठी कंपनीला लेबर डिपार्टमेंटकडे अर्ज करावा लागतो, त्यात पद, गाव आणि पगार लिहावा लागतो आणि ही माहिती जाहीर असते. दर तिमाहीला फाईल निघते, ती शोधून देणाऱ्या फुकट साइट्स आहेत. कंपनी टाका, शहर टाका, समोर आकडे. मला कन्सल्टन्सीवाला "मार्केट रेट देतो" म्हणत होता, मी त्याच्याच कंपनीचे त्याच शहरातले आकडे काढून वाचून दाखवले तर फोनवर जरा वेळ शांतता.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यात फक्त बेस पगार असतो, बोनस आणि शेअर नसतात, त्यामुळे मोठ्या टेक कंपन्यांचा आकडा खरा असतो त्यापेक्षा बराच बारका दिसतो. आणि तिथे चार वेज लेव्हल, म्हणजे अनुभवाप्रमाणे पगाराच्या पायऱ्या, असतात. दहा वर्षांच्या माणसाला लेव्हल १ किंवा २ वर दाखवलं असेल तर काहीतरी शिजतंय.

दुसरी युक्ती. कोलोराडोत २०२१ पासून जाहिरातीत पगाराची रेंज लिहिणं सक्तीचं आहे, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये १ जानेवारी २०२३ पासून. तुमची जाहिरात ज्या राज्यात असा कायदा नाही तिथली असेल तर त्याच कंपनीची तीच पोस्ट डेन्व्हर किंवा सिएटलला निघालीय का बघा, तिथे आकडा लिहिलेला सापडतो. सुरवातीला काही कंपन्यांनी तर "कोलोराडोच्या लोकांनी अर्ज करू नये" असं छापलं होतं, एवढी भीती. आणि हो, "९० हजार ते २ लाख १० हजार" अशी रेंज दिसली तर ती रेंज नाही, नगर ते नागपूर रस्ता आहे. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात कुठेतरी तुम्ही, असं धरून चाला.

पेन्सिल

नगर ते नागपूर, मस्त!

रत्नांग्रीचा भाऊ

आमच्या गल्फवाल्यांना एवढं शिकलेलं कोणी सांगत नाही म्हणून लिवतो. मी एसी टेक्निशियन, दुबईत सहा वर्षं काढली. मुंबईच्या एजंटने सांगितलं साडेचार हजार दिरहम, टॅक्स नाही. बरोबरच होतं, खोटं काहीच नव्हतं. पण करार हातात आला तेव्हा कळलं बेसिक १,८००, बाकी घरभाडं, प्रवास, अमुक भत्ता तमुक भत्ता. मी म्हटलं बेरीज तेवढीच ना, मग काय फरक पडतो.

फरक सुटताना पडला. ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, त्यापुढे वर्षाला ३० दिवसांचा. माझे सहा वर्षांचे झाले ८,१०० दिरहम. माझ्याबरोबरच्या केरळच्या माणसाचा एकूण पगार तेवढाच पण बेसिक २,७००, तो १२,१५० घेऊन गेला. ओव्हरटाइमपण बेसिकवरच. त्याला जायच्या आधीच माहीत होतं कारण त्याच्या गावात प्रत्येक घरात एक जण जाऊन आलेला. आमच्या वाडीत मी पहिला.

त्यामुळे जाहिरातीत पगार असो नसो, एजंटला विचारायचं बेसिक किती, आणि लिहून घ्यायचं. बायकापोरांना न्यायचं असेल तर व्हिसासाठी पगार ४,००० दिरहम लागतो, किंवा ३,००० आणि कंपनीची जागा, तेपण आधीच बघा. आणि एजंट ई-मायग्रेटच्या सरकारी यादीत आहे का ते तपासा, त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी याच्यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. माझ्याकडून किती घेतले ते विचारू नका, अजून बायकोला माहीत नाही.

ओवी

@रत्नांग्रीचा भाऊ, शेवटच्या वाक्याला हसू की रडू कळेना. बेसिकचा मुद्दा सोन्यासारखा आहे दादा.

मी ऑस्ट्रेलियात, मेलबर्न. इथे "पॅकेज" या शब्दाला घाबरायचं. सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखं, ते कंपनी भरते, जुलै २०२५ पासून १२ टक्के. जाहिरातीत "१ लाख २० हजार अधिक सुपर" असेल तर तो पगार, आणि "पॅकेज १ लाख २० हजार" असेल तर सुपर त्याच्यातच, मग तुमचा खरा पगार १ लाख ७ हजारांच्या आसपास. मी या एका शब्दाने पहिल्या नोकरीत तेरा हजार घालवले आणि दोष द्यायला कोणी नाही कारण सही माझीच.

आकडा लपवलेला असेल तर सीक या नोकऱ्यांच्या साइटवर एक गंमत करता येते. जाहिरात देणाऱ्याला पगार दाखवायचा नसला तरी आत रेंज भरावी लागते. आपण पगाराचा फिल्टर लावून खालची मर्यादा वाढवत जायची, ज्या आकड्याला जाहिरात यादीतून गायब होते तिथे तिचं वरचं टोक. नवरा याला कबड्डी म्हणतो, एकेक पाऊल पुढे टाकत जायचं.

मिरजेची सिस्टर

यूकेतल्या सरकारी हॉस्पिटलांच्या जाहिरातीत बँड, म्हणजे पगाराची श्रेणी, लिहिलेला असतो आणि बँडचा तक्ता सगळ्यांना बघायला मिळतो, त्यामुळे प्रश्नच नाही. नर्सच्या बँड ५ ची सुरवात २०२४-२५ ला २९,९७० पाउंड होती. माझी फसगत खासगी नर्सिंग होममध्ये झाली, जाहिरातीत नुसतं स्पर्धात्मक वेतन. फोन केला तर म्हणाले तासाला साडेसतरा. मी लगेच हिशोब घातला, बँड ५ चे आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर तासाला पंधरा पाउंड आणि काही पेन्स पडतात, म्हणजे हे जास्तच देतायत की, झाले खुश.

मग काय काय निघालं बघा. बारा तासांच्या शिफ्टचे अकराच तास मोजायचे, जेवणाचा तास आपला. सरकारीत रात्रपाळीला आणि शनिवारी ३० टक्के जास्त मिळतात, रविवारी ६० टक्के, इथे रात्र असो दिवस असो साडेसतराच. आणि डिसेंबरात एका आजोबांना उचलताना माझी पाठ धरली, तीन आठवडे घरी. सरकारीत पहिल्या वर्षीसुद्धा महिनाभर पूर्ण पगार मिळतो. मला कायद्याने द्यायचे तेवढेच, आठवड्याला ११६ पाउंड ७५ पेन्स. माझ्या खोलीचंच भाडं आठवड्याला १३० होतं. बहिणीने मिरजेहून पैसे पाठवले, उलटी गंगा.

तेव्हापासून मी पगाराच्या आधी विचारते आजारी पडल्यावर काय देता. समोरचा अडखळला की मला उत्तर मिळतं.

कोयनाकाठ

सिंगापूरवाल्यांसाठी थोडक्यात. कंपनीला परदेशी माणसासाठी एम्प्लॉयमेंट पास काढायचा तर बहुतेक वेळा आधी सरकारी पोर्टलवर, मायकरिअर्सफ्युचरवर, किमान १४ दिवस जाहिरात द्यावी लागते आणि तिथे पगाराची रेंज सक्तीची आहे. लिंक्डइनवर पगार नाही दिसला तर तीच जाहिरात तिथे शोधायची. पाच मिनिटांचं काम. पासची किमान मर्यादा २०२५ पासून महिन्याला ५,६०० सिंगापूर डॉलर आहे पण ती वयाबरोबर वाढत जाते, चाळिशीच्या माणसाने तो आकडा धरू नये. आणि आपल्याला सीपीएफ, म्हणजे तिथला पीएफ, नाही, म्हणजे बाजूच्या सिंगापुरी माणसाला कंपनी वर जे भरते ते आपल्याला नाही, तेवढं जास्त मागायला हरकत नसावी. मी मागितलं, अर्धं मिळालं.

दोन पोरांची आई, आइंडहोवन

नेदरलँड्सला येताना सगळे ३० टक्के रुलिंगचं कौतुक ऐकवतात. पगाराचा काही भाग करमुक्त, खरं आहे, पण जाहिरातीत "रुलिंग मिळू शकेल" असं असतं त्यातल्या "शकेल"कडे बघा, ते पाच वर्षंच असतं आणि २०२७ पासून २७ टक्के होतंय. त्या हातात येणाऱ्या आकड्यावर घर घेऊ नका. आम्ही घेतलं. आणि मे महिन्यात ८ टक्के सुट्टीभत्ता येतो, तो वार्षिक आकड्यात धरलाय की वेगळा हे विचारायचंच, एका महिन्याच्या पगाराएवढा फरक आहे. लहान मूल असेल तर पाळणाघराचा तासाचा दर आधी काढा, मगच पगार ऐका. आमच्याकडे पहिली दोन वर्षं माझा पगार आणि पाळणाघर हे समोरासमोर उभे राहायचे, कोण जिंकलं ते वर्षाच्या शेवटी कळायचं.

पेन्सिल

जपानवाल्यांनो, रेसिडेंट टॅक्स, म्हणजे तिथला स्थानिक कर, दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून कापायला लागतात. पहिल्या वर्षीचा इन हँड बघून मी बाइक घेतली होती. बाकी तुम्ही समजून घ्या.

हळदीकुंकू

सगळे म्हणतायत आकडा आधी सांगू नका. व्हिएन्नात मला हा प्रश्नच आला नाही कारण ऑस्ट्रियात २०११ पासून जाहिरातीत किमान पगार लिहावाच लागतो. तो सामूहिक कराराचा तळाचा आकडा असतो आणि खाली एक ओळ, "पात्रतेनुसार जास्त देण्याची तयारी". ही ओळ शोभेची नाही, मी तिच्यावर बोट ठेवून १५ टक्के वाढवून घेतले. वर्षाला १४ पगार असतात, त्यामुळे महिन्याचा आकडा १२ ने गुणू नका. बाकी युरोपियन युनियनचाही कायदा आलाय, इंटरव्ह्यूच्या आधी पगार किंवा रेंज सांगायची आणि आधीचा पगार विचारायचा नाही, देशांना मुदत होती ७ जून २०२६. वसईवाल्याच्या एचआरला पाठवा.

वसईवाला

छापून चिकटवतो तिच्या दारावर.

धागाकर्तीला सांगायचं राहिलं. श्टुटगार्टच्या बाजूला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आयजी मेटाल या कामगार युनियनच्या करारात असतात. कंपनी टॅरिफमध्ये, म्हणजे त्या करारात, आहे का आणि या पोस्टला कुठला एंटगेल्टग्रुप, म्हणजे पगाराचा गट, एवढे दोनच प्रश्न विचारायचे. बाडेन-व्युर्टेंबर्गचा तक्ता १ ते १७ ग्रुपांचा, सगळा उघड. ग्रुप कळला की तुला आकडा सांगायचीच गरज नाही. आठवडा ३५ तासांचा की ४० तासांचा तेही विचार, पगार तासांवर बदलतो.

धागाकर्ती

वसईवाले, दंडवत. काल कॉल होता. अपेक्षित पगाराच्या रकान्यात मी आकडा न लिहिता "टॅरिफनुसार" लिहिलं होतं, रात्रभर वाटत होतं आगाऊपणा झाला. एचआरवाल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या अच्छा, कोणीतरी तुम्हाला शिकवलंय. ग्रुप ११, आठवडा ३५ तास, पण पहिले सहा महिने ग्रुप १०. तक्ता उघडून बसलेय. माझ्या मनात जो आकडा होता तो लिहिला असता तर ग्रुप १० च्याही खाली गेले असते, हे बघून जरा घाम फुटला.

आजारपणाचंही विचारलं सिस्टर, सहा आठवडे पूर्ण पगार, कायदाच आहे म्हणे. अडखळल्या नाहीत.

आता नवा प्रश्न. नवरा मुलीची शाळा संपवून सहा महिन्यांनी येणार, तोपर्यंत मला टॅक्सचा क्लास ३, म्हणजे लग्न झालेल्यांचा कमी कापणारा गट, लागेल का?

वसईवाला

नाही. तो जर्मनीत येऊन नोंदणी करेपर्यंत तू क्लास १. हिशोब त्यावर कर. आणि तो आला की फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहितोय ते बघून घे.