जिओकॅशिंगसाठी एकट्याने बाहेर पडताना स्वसंरक्षणाचे साधन सोबत ठेवावे का?

अक्षांश

जिओकॅशिंग, म्हणजे इतरांनी लपवलेले डबे फोनवरच्या जीपीएसने अक्षांश-रेखांश पाहून शोधण्याचा खेळ, मी आतापर्यंत मुख्यतः मित्रांच्या गटासोबत आणि वस्तीच्या आसपासच केला आहे. आता मात्र एकट्याने थोड्या आडबाजूच्या ठिकाणी, म्हणजे जंगलाची कड, नदीकाठ, बंद पडलेल्या खाणी अशा जागी लपवलेले डबे शोधायला जाण्याचा विचार आहे, आणि नोकरीच्या वेळा पाहता त्यांतले काही शोध संध्याकाळी उशिरा होणार हे उघड आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की जायचे तर जा, पण हाताशी काहीतरी असू दे. हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, यावर मात्र एकमत होत नाही. एक मित्र कमरेला चाकू लावल्याशिवाय निघत नाही, तर दुसऱ्याच्या मते फोन आणि पाण्याची बाटली यांपलीकडे कशाचीच गरज नसते.

पदभ्रमण करणाऱ्यांना दिले जाणारे सल्ले मी वाचले आहेत, परंतु ते या खेळाला पुरते लागू पडतात असे वाटत नाही. पदभ्रमण करणारा वाटेवरून चालत राहतो. आपण वाट सोडून झुडपात शिरतो, एकाच जागी बराच वेळ वाकून राहतो, नजर फोनच्या पडद्यावर असते आणि हात कुठल्यातरी ढोलीत. मागून कोणी आले तरी कळत नाही. म्हणून विचारतो, की पेपर स्प्रे, चाकू किंवा तत्सम एखादे साधन अशा वेळी खरोखर उपयोगी पडते का, की त्याने अडचणच वाढते? शिवाय दुसऱ्या देशात खेळायला गेल्यास कायद्याच्या दृष्टीने काय पाहावे?

दगडफूल

कोणापासून संरक्षण हवे आहे हे आधी ठरवले, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. या खेळात माणूस अंगावर धावून येण्याचा प्रसंग विरळा; पाय घसरणे, साप-विंचू, मधमाश्या आणि कुत्री यांच्याशी मात्र कधी ना कधी गाठ पडतेच, आणि यांपैकी एकावरही चाकू हा इलाज नाही.

सर्वांत मोठी जोखीम आपणच नेमकी सांगितली आहे, ती म्हणजे ढोलीत घातलेला हात. डबा लपवणाऱ्याला दगडांची रास, पडक्या भिंतीतली फट किंवा बुंध्यातली पोकळी जितकी सोयीची वाटते, तितकीच ती सापाला आणि गांधीलमाश्यांनाही वाटते. त्यामुळे मी सोबत ठेवतो ती एक साधी, बळकट काठी. पोकळीत आधी टॉर्चचा झोत टाकावा, काठीने कडेला ठोकावे, थोडे थांबावे, पुन्हा पाहावे आणि मगच जाड हातमोजा घातलेला हात आत घालावा. दगड उचलायचा झाल्यास त्याची पलीकडची कड धरून तो आपल्या बाजूला कलता करावा, म्हणजे खाली काही दडलेले असलेच तर त्याला बाहेर पडायची वाट आपल्या विरुद्ध दिशेला मिळते आणि दगड मध्ये आडोसा म्हणून राहतो.

कुत्र्यांच्या बाबतीतही काठीच कामाला येते, पण उगारण्यासाठी नव्हे. पळू नये, डोळ्यांत रोखून पाहू नये, काठी किंवा पाठपिशवी मध्ये धरून तिरके उभे राहावे आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावे. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगोलग डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपचार जवळपास उरत नाही. मधमाश्यांपुढे नियम उलटा आहे. तिथे स्तब्ध न राहता तोंड झाकून सरळ पळ काढावा, हात झटकत बसू नये, आणि पाण्यात उडी तर मुळीच मारू नये, कारण आपण डोके वर काढेपर्यंत त्या घिरट्या घालत राहतात.

निघण्यापूर्वी खेळाच्या संकेतस्थळावरचे त्या डब्याचे पान नीट वाचणे हेही संरक्षणच आहे. शोधाची काठिण्यपातळी आणि भूभागाची अवघडता १ ते ५ या मापात दिलेली असते. गोचिडी, काटेरी झुडपे, धोकादायक प्राणी, शिकारीचा परिसर यांसाठी वेगळी चिन्हे असतात. त्याखालच्या, आधी शोधून गेलेल्यांनी केलेल्या अलीकडच्या नोंदी चिन्हांपेक्षाही बोलक्या असतात. जागा बरी वाटली नाही म्हणून परत फिरलो, अशा अर्थाच्या नोंदी लागोपाठ दिसल्या, तर तो डबा दिवसाउजेडी आणि सोबतीनेच शोधावा.

कातळकडा

काठीचे म्हणणे मान्य आहे, पण चाकूला इतके मोडीत काढू नये. घडीचा लहान चाकू हे उत्तम अवजार आहे. गुंतलेली दोरी कापणे, गंजून घट्ट बसलेले झाकण उचकटणे, जखमेवर बांधायला कापडाची पट्टी काढणे ही सगळी कामे त्याने होतात. हत्यार म्हणून मात्र मी त्याचा विचारही करणार नाही. चाकू वापरायचा म्हणजे समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात जायचे, आणि ज्याला सराव नाही त्याच्या हातून तो हिसकावला जाण्याचीच शक्यता जास्त. आपल्या मित्राने तो कमरेवरून काढून पिशवीत ठेवलेला बरा.

परदेशाचे विचाराल, तर कायदे इतके वेगवेगळे आहेत की एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे लावता येत नाही. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत पाते असलेला साधा घडीचा चाकू बाळगायला कारण द्यावे लागत नाही. परंतु उघडल्यावर पाते जागीच पक्के बसणारा असेल, तर तेवढ्याच लांबीचा चाकू सबळ कारणाविना सार्वजनिक ठिकाणी बाळगणे हा गुन्हा ठरतो. त्यातही मेख अशी, की ‘स्वसंरक्षणासाठी ठेवला आहे’ हे उत्तर तिथे सबळ कारण धरले जात नाही. उलट त्या एका वाक्याने आपण आपल्या अवजाराला हत्यार ठरवून मोकळे होतो.

जाता जाता एक गोष्ट, ३ मे २००० रोजी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात या खेळाचा जो पहिला डबा ठेवला गेला, त्यातल्या वस्तूंमध्ये गलोलीची मूठही होती. आजच्या नियमांनुसार चाकू, दारूगोळा, फटाके यांपैकी काहीही डब्यात ठेवता येत नाही. डब्यातली वस्तू घेऊन आपली ठेवण्याच्या, म्हणजे अदलाबदलीच्या उत्साहात खिशातला चाकू आत टाकून येणारे खेळाडू अजूनही भेटतात, त्यांच्यासाठी हे सांगून ठेवतो. तो डबा पुढे एखादे लहान मूल उघडणार असते.

सांजवात

मी बहुतेक वेळा एकटीच जाते आणि जिथे कायदा मुभा देतो तिथे पेपर स्प्रे बाळगते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

पेपर स्प्रेचा खरा उपयोग समोरच्याला लोळवण्यात नसून पळून जायला काही क्षण मिळवण्यात आहे. मिरचीतला तिखटपणाचा घटक डोळ्यांत आणि श्वासात गेल्यावर डोळे आपोआप मिटतात आणि खोकल्याची उबळ येते. परंतु हे प्रत्येकावर सारख्याच वेगाने होईल याची खात्री नसते. वारा समोरून येत असेल, तर फवारा आपल्याच तोंडावर येतो. दाट झुडपात हीच अडचण दुप्पट होते, कारण फांद्यांवर आपटून तो तिथेच पसरतो आणि आपण वाकलेल्या अवस्थेत असतो. म्हणून डबा शोधायला वाकण्यापूर्वी वारा कुठून वाहतो आहे आणि बाहेर पडायची मोकळी बाजू कोणती, हे पाहून ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे.

नवख्यांकडून राहून जाते ती गोष्ट म्हणजे स्प्रे ठेवण्याची जागा. पाठपिशवीच्या तळाशी, सुटे मोजे आणि पेन्सिलींच्या खाली गेलेला स्प्रे असून नसल्यासारखा. तो पिशवीच्या खांदापट्ट्यावर, ज्या हाताने फोन धरत नाही त्या हाताच्या बाजूला, अडसराची खूण बोटाला लागेल अशा रीतीने लावावा. अंधारात न पाहता तो काढता आला पाहिजे. त्यावर छापलेली मुदत पाहावी, कारण मुदत उलटली की आतला दाब कमी होतो आणि फवारा समोरच्यापर्यंत पोहोचण्याऐवजी पायाशी ठिबकतो. तापलेल्या गाडीत तो ठेवून जाऊ नये.

अस्वलांसाठीचा स्प्रे ही वेगळी वस्तू आहे. त्याचा डबा मोठा असतो, फवारा धारेऐवजी ढगासारखा पसरतो आणि साधारण ७ ते ९ मीटरपर्यंत जातो. अलास्कातील घटनांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो, की तपकिरी अस्वलांवर तो वापरला गेला त्या प्रसंगांपैकी ९२ टक्के प्रसंगांत अस्वलाचे आक्रमक किंवा नकोसे वागणे थांबले. त्यातल्याच काही संशोधकांनी २०१२ साली बंदुकीसंबंधी केलेल्या अभ्यासात मात्र बंदूक वापरल्याने आणि न वापरल्याने इजा होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. भेदरलेल्या माणसाला धावत येणाऱ्या जनावरावर नेम धरता येत नाही, हे समजायला कठीण नाही. अर्थात जिथे अस्वलेच नाहीत तिथे हा जड डबा वाहून नेण्यात अर्थ नाही.

कायद्याचे पाहिले तर ब्रिटनमध्ये पेपर स्प्रे हे निषिद्ध हत्यार आहे. कॅनडात माणसांवर वापरण्याचा स्प्रे बेकायदा, पण अस्वलांसाठीचा चालतो. विमानात तो हातातल्या सामानातून नेता येत नाही. त्यामुळे परदेशी जाताना तो घरीच ठेवावा आणि तिथे गेल्यावर परवानगी असल्यास तिथलाच घ्यावा.

होकायंत्र

आतापर्यंतच्या चर्चेत एक बाजू राहून गेली आहे. आपण धोका बाहेरून येईल असे गृहीत धरतो, पण पाहणाऱ्याच्या नजरेत या खेळातला संशयास्पद माणूस आपणच असतो. पुलाखाली चाचपडणारा, कुंपणाच्या खांबाभोवती तीनदा फिरणारा, कोणी आले की फोन कानाला लावून बोलल्याचे सोंग करणारा माणूस पाहून कोणी पोलिसांना कळवले, तर त्याला दोष देता येणार नाही. २०११ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधील वेदरबी गावात एका कॅफेबाहेर ठेवलेला लहानसा डबा बॉम्ब समजला गेला, रस्ता बंद करावा लागला आणि बॉम्बनाशक पथकाने तो उडवून दिला. लष्करी दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या या खेळात आवडीने वापरल्या जातात, त्यामुळे असा गैरसमज होणे अगदीच अशक्य नाही.

आता कल्पना करा, की पोलीस समोर उभे आहेत, आपल्या हातात असली पेटी आहे आणि कमरेला चाकू आहे. जी चौकशी दोन वाक्यांत आटोपली असती, ती पुढे ठाण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून माझे मत असे, की वस्तीत, शाळा, रेल्वेमार्ग किंवा सरकारी इमारतींच्या आसपास खेळताना कोणतेच हत्यार जवळ नसावे. कोणी हटकले तर हात दिसतील असे ठेवावेत, खिशात स्प्रे किंवा चाकू असल्यास तो काढण्याआधी तोंडाने सांगावे, आणि लपवाछपवी न करता डब्याचे पान फोनवर दाखवावे. अनोळखी लोकांपासून खेळ गुप्त ठेवण्याची आपली रीत पोलिसांच्या बाबतीत पाळायची नसते.

कातळकडा

होकायंत्र यांचे वस्तीबद्दलचे म्हणणे पटते. रानात मात्र चाकू पिशवीत राहीलच, त्यावर मी ठाम आहे.

अक्षांश

सर्वांचे आभार. काठी, हातमोजे आणि टॉर्च हे ठरले. स्प्रेबद्दल इथला कायदा पाहून ठरवतो. एक शंका उरते. संध्याकाळी एकटा असताना कोणी मागे मागे येत आहे किंवा डब्याजवळ कोणी उगाच रेंगाळत आहे असे वाटले, तर अशा वेळी नेमके काय करावे?

सांजवात

डबा सोडून द्यावा. तो उद्याही तिथेच असतो. अवघड चढ चढून आल्यावर, पडद्यावर अंतर चार मीटर दिसत असताना परत फिरणे जिवावर येते, हे मी जाणते; पण संशय आला त्या क्षणी पाठ मोकळ्या जागेकडे करावी, समोरच्याला मोठ्या आवाजात साधा नमस्कार करावा, म्हणजे आपण त्याला पाहिले आहे हे त्याला कळते, आणि ज्या वाटेवर माणसे आहेत त्या वाटेला लागावे. फोनवर घरच्यांशी बोलत चालल्याने बराच फरक पडतो.

याच संदर्भात नोंदींविषयी सांगते. शोध लागल्या लागल्या जागेवरूनच नोंद टाकली, तर आपण आत्ता, एकटे, अमुक ठिकाणी आहोत हे आपण जगजाहीर करत असतो. एका वाटेवरचे डबे ओळीने करत असू, तर पुढचा थांबा कोणता हेही कोणालाही ओळखता येते. मी डब्यातल्या कागदी नोंदवहीत सही करते आणि संकेतस्थळावरची नोंद घरी पोहोचल्यावर टाकते. नवा डबा जाहीर होताच पहिला शोध आपलाच असावा म्हणून रात्रीच धावणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे, कारण तिथे कोणी ना कोणी येणार हे त्या वेळी सर्वांनाच ठाऊक असते. घरातल्या एका माणसाला मात्र डब्याचा क्रमांक, गाडी कुठे लावली आहे ती जागा आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी.

दगडफूल

यात शिट्टीची भर घालतो. ओरडून घसा बसतो, शिट्टीला ती अडचण नाही, आणि कोणत्याही देशात तिच्यावर बंदी असल्याचे मी ऐकलेले नाही. डोंगराळ भागातला मान्य संकेत असा, की एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा तसेच करायचे. ऐकणारा मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर देतो. उत्तर अमेरिकेत नुसत्या तीन शिट्ट्याही मदतीची हाक मानल्या जातात.

फोनबद्दल दोन गोष्टी. आपल्या कंपनीचे जाळे दिसत नसले तरी ११२ लावून पाहावा, कारण आपत्कालीन कॉल परिसरात उपलब्ध असलेल्या दुसऱ्या जाळ्यावरूनही जाऊ शकतो. दुसरी गोष्ट खास आपल्या खेळाची आहे. आपण अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटे या रूपात वाचतो, तर मदतीला येणारे बहुधा दशांश अंश धरून चालतात. ‘४५ अंश ३०.५०० मिनिटे’ म्हणजे दशांशात ४५.५०८३३ अंश होतात. घाईत ‘मिनिटे’ हा शब्द गाळून नुसते आकडे सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते ४५.३०५०० असे लिहून घेतले, तर शोधपथक आपल्यापासून २२ किलोमीटरहून अधिक दूर जाऊन उभे राहते. म्हणून फोनमध्ये दोन्ही रूपे दाखवण्याची सोय आधीच करून ठेवावी आणि सांगताना ‘अंश’, ‘मिनिटे’, ‘उत्तर’, ‘पूर्व’ हे शब्द प्रत्येक वेळी उच्चारावेत.