उतारवयात श्रद्धा वाढतेच, हे खरे मानावे काय?

प्रश्न : निवृत्त_नगरकर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी सत्तरी ओलांडलेला निवृत्त शिक्षक असून नगर जिल्ह्यातील एका जुन्या मराठी मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला सुरू झाले. आमच्या घराण्याची उपासना, शिक्षण आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भजनांची गोडी हे सगळे त्याच परंपरेतून आलेले आहे.

आमच्याकडे वृद्धांच्या वाढदिवसाच्या प्रार्थनेत आणि अंत्यविधीच्या उपदेशातही एक वाक्य हमखास येते : देह क्षीण होत गेला तरी अंतरीचा मनुष्य दिवसेंदिवस नवा होत जातो. पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले हे वचन मी स्वतः शब्बाथ शाळेतल्या (रविवारच्या धर्मशिक्षणवर्गातल्या) मुलांकडून पाठ करून घेतले आहे. आता मात्र माझा अनुभव त्याच्याशी जुळत नाही. पहाटेची प्रार्थना पूर्वी बराच वेळ चाले, आता काही वाक्यांतच मन भरकटते किंवा डोळा लागतो. श्रवणयंत्र लावले तरी उपदेशातले निम्मे शब्द निसटतात आणि बाकांची करकर व पेटीचा सूर तेवढा मोठा होऊन कानांवर आदळतो. गुडघे टेकता येत नाहीत. मंडळीच्या पंचांमधून मी बाहेर पडलो आणि शब्बाथ शाळाही तरुणांकडे सोपवली. देव नाही असे मला एकदाही वाटलेले नाही. पण ज्या कृतींतून माझी श्रद्धा मला दिसत असे, त्या एकेक करून हातून गेल्या आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. ही श्रद्धेची घसरण समजावी काय? आणि पुण्याचा मुलगा म्हणतो त्याप्रमाणे रविवारची उपासना मोबाइलवर पाहिली, तर ती उपासना म्हणावी काय? कृपया केवळ धीर देणारी उत्तरे देऊ नयेत.

उत्तर : पाळक_सेवानिवृत्त

सलाम, गुरुजी. धीर देऊ नका असे आपण म्हटलेत, म्हणून आधी त्या वचनाविषयीच बोलतो. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने ते वार्धक्याला उद्देशून लिहिलेलेच नाही. मार, कैद आणि छळ सोसणाऱ्या प्रेषिताच्या झिजण्याविषयी तो बोलत आहे. आपण उपदेशकांनी ते उचलून प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या प्रगतिपुस्तकावर शेरा असल्यासारखे वापरले, आणि त्यामुळे किती वृद्ध आपले गुण मोजत बसले असतील याचा विचार केला नाही.

पवित्र शास्त्रात वार्धक्याचे एकच चित्र नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात 84 वर्षांची विधवा हन्ना मंदिर न सोडता रात्रंदिवस उपास व प्रार्थना करत राहते, आणि आपण सगळे तिचेच उदाहरण देतो. परंतु शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात बर्जिल्लय गिलादी आहे, त्याच्यावर मी सेवेच्या सगळ्या वर्षांत कोणाचा उपदेश ऐकला नाही. दावीद राजा संकटात असताना या श्रीमंत माणसाने महनाईमला त्याच्या सैन्याला अन्न पुरवले होते. मुलगा अबशालोम याचे बंड मोडल्यावर राजा त्याला यरुशलेमेस येऊन आपल्याबरोबर राहण्याचे आमंत्रण देतो, तेव्हा तो जे म्हणतो ते आपल्या प्रश्नासारखेच आहे : मी ऐंशी वर्षांचा झालो, अन्नाची चव मला कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, मग मी राजाला ओझे का व्हावे? आईबापांच्या कबरींजवळ, स्वतःच्या गावी मरू द्यावे एवढेच तो मागतो आणि आपल्याऐवजी किम्हाम नावाच्या आपल्या माणसाला पाठवतो. दावीद त्याचे चुंबन घेतो, त्याला आशीर्वाद देतो आणि घरी जाऊ देतो. त्याला अल्पविश्वासी ठरवणारा एक शब्दही तेथे नाही.

तेव्हा मंदिरात राहणारी हन्ना आणि दरबार नाकारून घरी परतणारा बर्जिल्लय, हे दोघेही शास्त्रातलेच वृद्ध आहेत. शब्बाथ शाळा आपण तरुणांकडे दिलीत हे किम्हामाला पाठवण्यासारखेच झाले, त्यात घसरण कोणती?

मोबाइलवरच्या उपासनेविषयी माझे मत थोडे कडक आहे. ज्याला चालता येते त्याने यावे. ज्याला येता येत नाही त्याच्याकडे मंडळीने जावे, प्रभुभोजन घेऊन पाळकाने घरी जावे. मोबाइल चालेल, पण त्यामुळे पाळकाची फेरी वाचते असे कोणी समजू नये.

उत्तर : वसईचा_शेतकरी

गुरुजी, मी कॅथलिक आहे. आमची रीत वेगळी असली तरी वय तेच आहे. आपल्याला उपदेश ऐकू येत नाही, हे वाचून मला माझे लहानपण आठवले. आमच्या धर्मसभेची दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 या काळात भरली आणि त्यानंतर आमच्याकडे मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, मराठीत होऊ लागली. त्याआधी ती लॅटिनमध्ये असे. वसईच्या वाड्यांतल्या आमच्या आज्या, ज्यांची घरची बोली सामवेदी, त्या लॅटिनचा एक शब्द न समजता आयुष्यभर देवळात बसल्या. घंटा वाजली की मान लववावी, जपमाळ ओढावी, उठण्याच्या वेळी उठावे. एवढ्यावर त्यांची भक्ती उभी होती आणि ती पोकळ होती असे मला कधी वाटले नाही. आता माझे कान गेल्यावर मी पुन्हा तिथेच येऊन पोहोचलो आहे. आपल्या परंपरेत उपदेशाला मध्यवर्ती स्थान आहे, त्यामुळे ऐकू न येण्याचे नुकसान आपल्याला अधिक जाणवत असावे. प्रोटेस्टंट बांधवांनी राग मानू नये. पण सगळी उपासना कानांवर सोपवली की म्हातारपणी अडचण होणारच.

आमच्या धर्मसभेने वयाचा विचार नियमांतच केलेला आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दिवशींच्या उपवासाचे बंधन साठावे वर्ष लागले की संपते. मांसवर्ज्याला मात्र अशी वरची वयोमर्यादा नाही. कम्युनियनपूर्वी (प्रभुभोजनापूर्वी) एक तास काही न खाण्याचा नियम वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही लागू नाही. हा शेवटचा भाग मला विशेष आवडतो, कारण सून रात्रभर जागली आहे हे कायदा लिहिणाऱ्याच्याही ध्यानात होते.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे अजून रुजलेली नाही. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार पूर्वी अंतिम घटकेचा मानत, म्हणून फादरांना घरी बोलावले की शेजारीपाजारी रडू लागत. परिषदेने 1963 सालीच स्पष्ट केले की तो केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, आणि 1972 च्या नव्या विधीनुसार वार्धक्याने फार अशक्त झालेल्यांना गंभीर आजार नसतानाही तो देता येतो. तरी आजही आमच्या भागातले कित्येक वृद्ध त्याला भितात आणि घरचे लोकही शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून घेण्याची जी आज्ञा आहे, ती तर आपणा दोघांचीही आहे.

पाळकसाहेबांच्या दोन उदाहरणांना मी आमच्याकडची दोन जोडतो. पोप जॉन पॉल दुसरे पार्किन्सनने थरथरत, शेवटी शब्दही उमटेनासा झाला तरी, 2 एप्रिल 2005 रोजी मृत्यू येईपर्यंत पदावर राहिले. त्यांच्या मागून आलेल्या बेनेडिक्ट सोळाव्यांनी 11 फेब्रुवारी 2013 रोजी, वयाच्या 85व्या वर्षी, वार्धक्यामुळे शक्ती पुरत नाही असे सांगून पद सोडत असल्याचे जाहीर केले आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे प्रार्थनेत घालवली. दोघांपैकी कोण अधिक विश्वासू, हा वाद आमच्या ओटीवर बराच झाला आणि अनिर्णित राहिला.

उत्तर : मिरजेची_परिचारिका

गुरुजी, आपल्या लेखनातील एका वाक्याकडे कोणीच लक्ष दिले नाही, म्हणून लिहिते. मन भरकटणे, अवेळी डोळा लागणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडणे ही लक्षणे आम्ही रुग्णालयात रोज पाहत असू. त्यामागे थायरॉइडची कमतरता, ब-12 जीवनसत्त्वाचा अभाव, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या, रात्रीची अपुरी झोप आणि वृद्धांमध्ये फार वेळा न ओळखले जाणारे नैराश्य, यांपैकी काहीही असू शकते. यांतल्या काही गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात आणि सगळ्यांवरच उपाय करता येतो. आपल्या समाजात असा मनुष्य आधी पाळकाकडे जातो आणि डॉक्टरकडे बऱ्याच उशिरा, कारण नैराश्य म्हणजे विश्वासाची कमतरता असे त्याला शिकवलेले असते. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही; भाकर व पाणी दिले आणि झोपू दिले. तेव्हा गुरुजी, आधी तपासणी करून घ्यावी आणि श्रद्धेचा हिशेब नंतर मांडावा.

श्रवणयंत्र एकदा बसवले म्हणजे काम झाले असे नसते. दगडी भिंतींच्या उंच इमारतीत आवाज घुमतो आणि यंत्र तो घुमणारा आवाजही वाढवते. भिंतीपासून दूर, उपदेशकाचे ओठ दिसतील अशा पुढच्या बाकावर बसावे, आणि यंत्राची जुळणी पुन्हा करून घ्यावी. उपदेशाचा कागद आधी मागून घेण्यात संकोच कसला? मराठी पवित्र शास्त्राचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर विनामूल्य ऐकता येते, ते घरच्या शांततेत पुष्कळ स्पष्ट ऐकू येते.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. तिला माझे नाव आठवत नाही, पण उपासनेतले जुने पद पहिल्या ओळीवर सुरू केले की ती शेवटच्या कडव्यापर्यंत साथ देते आणि प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हणते. लहानपणी पाठ झालेले व सुरात बसलेले शब्द स्मृतिभ्रंशात पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतात, हे मी इतर रुग्णांतही पाहिले आहे. याला श्रद्धा म्हणावे की केवळ सवय, हे मला सांगता येत नाही आणि तिच्यासाठी तो प्रश्न सोडवण्याची मला गरजही वाटत नाही. तिच्या वतीने सध्या आम्ही विश्वास ठेवतो. पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उसकटून खाली सोडणाऱ्यांचा विश्वास पाहून येशूने त्याला क्षमा केली, असे मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो. त्या माणसाच्या स्वतःच्या विश्वासाविषयी तिथे वेगळे असे काही लिहिलेले नाही.

उत्तर : पिंपरीचा_सभासद

वरची उत्तरे चांगली आहेत, पण सगळी जबाबदारी म्हाताऱ्या माणसावरच येते असे वाटले. मी चाळिशीतला आहे आणि आमच्या शहरी मंडळीत काय चालते ते लिहितो. पडद्यावर इंग्रजी गीते, कर्कश ध्वनिक्षेपक, पायऱ्यांना कठडा नाही आणि वृद्धांसाठी वर्षातून एकदा शाल व नारळ. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे आजीचे पवित्र शास्त्र घरातल्या कोणाच्याच उपयोगाचे राहिलेले नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतली जी तक्रार नोंदली आहे, ती रोजच्या वाटपात विधवांची उपेक्षा होते याविषयीची होती. त्यासाठी प्रेषितांनी सात माणसे नेमली आणि पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन त्यांतलाच एक होता. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तर साठ वर्षांवरील विधवांची यादीच ठेवायला सांगितली आहे. आज किती मंडळ्यांकडे घरी पडून असलेल्या सभासदांची यादी आहे? वर्गणी थकलेल्यांची यादी मात्र सगळ्यांकडे असते.

पंडिता रमाबाईंचे नाव अजून कोणी घेतले नाही याचे नवल वाटले. त्यांना ऐकू कमी येण्याचा त्रास विलायतेत असल्यापासून होता आणि 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरीही केडगावला हिब्रू व ग्रीकमधून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी 1922 च्या एप्रिलमध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवले आणि ते पूर्ण केले. पण हे उदाहरण मी गुरुजींना लाजवायला देत नाही. रमाबाईंभोवती छपाईचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या आणि शुश्रूषा करणाऱ्या, त्यांच्याच मुक्ती सदनातल्या स्त्रिया होत्या. आपण फक्त रमाबाईंची चिकाटी सांगतो आणि त्या स्त्रियांना वगळतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : निवृत्त_नगरकर

सर्वांचे आभार. परिचारिकाताईंच्या सूचनेप्रमाणे रक्ततपासणी करून घेईन. रक्तदाबाच्या गोळीविषयीही डॉक्टरांना विचारीन, कारण ती नुकतीच बदलली आहे. वसईच्या बांधवांचे लॅटिनचे उदाहरण मला अजून पूर्ण पटलेले नाही. त्यांच्या आज्यांना शब्दांची सवयच नव्हती, माझे तर सगळे आयुष्य शब्दांतच गेले. तरी पुढच्या रविवारी ऐकण्याची धडपड न करता बसून पाहीन.

पाळकसाहेबांशी एका बाबतीत माझा मतभेद राहील. बर्जिल्लयाने आपण ओझे होऊ असे म्हटले आणि दावीदाने ते मान्य केले, यात मला समाधानापेक्षा थोडी हळहळच वाटते. पिंपरीच्या सभासदांचे म्हणणे त्या जागी मला अधिक योग्य वाटते. घरी असलेल्या सभासदांची यादी करण्याचा विषय मी पंचांपुढे मांडणार आहे. यादी हाताने लिहिण्याचे काम मला अजून जमते. नावे माझ्या माहितीतली आहेत, फक्त फेरीसाठी दोन तरुण हवेत. कोणाच्या मंडळीत अशी व्यवस्था चालू असल्यास महिन्यातून किती घरे होतात आणि प्रभुभोजन प्रत्येक फेरीत नेता की सणांनाच, हे कृपया कळवावे.