गणपतीत पंचमदांचा ट्रिब्यूट ठेवावा का? इंदूरकरांनो, सल्ला हवा

रामबागकर

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाचं यंदा ५०वं वर्ष. पाचव्या दिवशीचा मोठा कार्यक्रम ठरवायची जबाबदारी माझ्यावर आली आहे आणि कार्यकारिणीत सरळ दोन तट पडलेत. ज्येष्ठांना पंचमदांच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा ट्रिब्यूट शो हवाय. तरुण मंडळी म्हणतात, दरवर्षी तेच ते, दुसऱ्यांची गाणी आता पुरे.

समोर तीन पर्याय आहेत. एक, मुंबईचा ग्रुप. चार गायक, त्यातला एक हुबेहूब किशोरदांच्या आवाजात गातो, तसाच पेहराव करतो. दुसरा, आपल्याच इंदूरच्या वादकांचा अकरा जणांचा संच. गायक साधे आहेत, पण सगळं हातानं वाजवतात म्हणे. तिसरा, मुलांचा एक बँड, गाणी सगळी स्वतःची. बजेट पावणेदोन लाख, साउंड धरून. मुंबईवाल्यांचं मानधन आणि येणं-जाणं यातच ते संपतं.

गेल्या वर्षी पोळलो आहोत म्हणून इतकं विचारतोय. बाहेरून बोलावलेल्या ग्रुपनं मंचावर सात वादक बसवले होते. मी पहिल्या रांगेत होतो. एका गाण्यात गिटारवाल्यानं घाम पुसायला हात उचलला आणि गिटार वाजतच राहिली. शेजारच्या काकांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत. घरोघरी फिरून जमवलेली वर्गणी होती हो ती.

नारायणबागेतली

मुंबईचाच बोलवा. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून त्या माझं नावसुद्धा विसरल्या आहेत. मागच्या हिवाळ्यात आम्ही त्यांना अशाच एका ट्रिब्यूटला नेलं होतं. गायकानं मुखडा संपवला आणि दुसरा अंतरा यायच्या आधीच आईंनी तो म्हणायला सुरुवात केली. शब्द न शब्द बरोबर. माझ्या नवऱ्यानं त्यांचा हात धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. तो आवाज त्यांच्या ओळखीचा वाटला म्हणूनच हे झालं असं मी समजते. तुम्ही म्हणाल नक्कल, आमच्या घरात त्या संध्याकाळचं मोल फार आहे.

जुना_अकॉर्डियनवाला

रामबागकर, मी १९७४ ते ८९ इंदूरच्या ऑर्केस्ट्रांत अकॉर्डियन वाजवलं. तेव्हा ट्रिब्यूट वगैरे शब्द नव्हता. मिलच्या वस्त्यांतले गणपती, मालवा मिलकडचे, परदेशीपुऱ्याकडचे, पहिली पाळी सुटली की माणसं डबा हातात घेऊन तशीच येऊन बसायची. नंतर कीबोर्ड आला, सहा जणांचं काम एकटा करू लागला. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली, त्याच्या आधीच आमच्यातल्या बहुतेकांनी वाद्यं पेटीत घालून माळ्यावर टाकली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे: आवाजाची नक्कल करणाऱ्याला पैसे देऊ नका, वाद्यमेळ उभा करणाऱ्याला द्या. किशोरदांचा आवाज तुमच्या मोबाइलमध्ये आहे, खुद्द त्यांचाच आहे. त्याच्या जवळपास जाणारा माणूस मंचावर आणून तुम्हाला कमी दर्जाचं तेच मिळतं. पण त्या आवाजामागे जे वाजत होतं, ते कुणाच्या हातून कसं निघत होतं, हे आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय? ते स्टुडिओच्या बंद दाराआड झालं. ते दार उघडायचं काम चांगला ट्रिब्यूट करतो.

'आराधना'तलं 'रूप तेरा मस्ताना' घ्या, १९६९चं. त्यातलं अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. ते तुकडे बसवायला मला तीन महिने लागले. नोटेशन कुठलं, टेपरेकॉर्डर मागे-पुढे करून ऐकायचं. सूर लगेच सापडले हो. अडलं भात्यापाशी. मी जिथे भाता उलटवायचो तिथे सुराला बारीक गचका बसायचा, आणि रेकॉर्डवर तिथे सूर सलग आहे. शेवटी एका रात्री लक्षात आलं की आधीच्या दोन सुरांत हवा राखून ठेवावी लागते, डावा हात अर्धाच उघडायचा. त्या रात्री मला केरसीजींच्या हाताशेजारी बसल्यासारखं वाटलं. त्यांना मी कधी भेटलो नाही.

तुमच्या दुसऱ्या पर्यायातल्या पोरांची तालीम मी पाहिली आहे, लोकमान्य नगरात, एका गॅरेजमध्ये. 'यादों की बारात'मधल्या त्या गाण्याच्या सुरुवातीला ग्लासवर चमच्याची टिंग आहे ना, 'चुरा लिया'ची, त्यासाठी एक मुलगी सात ग्लास घेऊन बसली होती. पातळ काचेचा ग्लास कानाला गोड लागत होता, माइकवर मात्र किणकिणून विरत होता. मग तिनं चहाच्या टपरीवरचा जाड ग्लास आणला, बोटभर पाणी घातलं, थोडं ओतलं, परत घातलं. चमचा धरायचा शेंड्याला, मारून लगेच उचलायचा. पाऊण तास त्या एका टिंगेवर गेला. कुणी कंटाळलं नाही.

पंचमदांच्या संगीतात किती मराठी हात आहेत हे तरी लोकांना कळू दे. तालवाद्यांचा सगळा डोलारा सांभाळणारे मारुतीराव कीर. रेसोरेसोची, म्हणजे खाचांवर काडी घासून वाजवायच्या वाद्याची, ती खरखर अमृतराव काटकरांची. त्यांच्या जोडीला दार्जिलिंगहून मादल हा नेपाळी ढोल घेऊन आलेले रणजित गजमेर, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. पुण्यात पंचम मॅजिक नावाच्या रसिकांच्या गटानं असे मूळ वादक मंचावर आणून बोलते केले. आपल्याकडे तसं का होऊ नये?

तोटाही सांगतो, लपवणार नाही. पंधरा वर्षांत मी शेकडो गाणी वाजवली आणि माझ्या स्वतःच्या आठ मात्राही लिहिल्या नाहीत. सवयच राहिली नाही. रेकॉर्डवर नाही ते वाजवलं की मॅनेजर रागवायचा, श्रोतेही माना वळवायचे. आता पंचाहत्तरीत घरी बसून काही सुचतं का पाहतो, तर बोटं कुठल्या तरी गाण्यातच जाऊन पडतात. तरुण मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

भिया_गिटार

काका, तुमची शेवटची ओळ दोनदा वाचली.

मी त्या तिसऱ्या पर्यायासारख्याच एका बँडमध्ये आहे, त्याच नाही. आमचा अनुभव असा. विजय नगरकडे जितक्या ठिकाणी लाइव्ह म्युझिक चालतं तिथे पहिला प्रश्न हाच असतो: कोणाचा ट्रिब्यूट करता? स्वतःची गाणी म्हटलं की मालक म्हणतो, दोन चालतील, जेवणाच्या गर्दीत नको. एकदा आम्ही आमचं मराठी गाणं सुरू केलं, तर दुसऱ्या कडव्यात मालकानं चिठ्ठी पाठवली, अरिजित घ्या. आमच्या ड्रमरनं ती चिठ्ठी अजून किटच्या केसमध्ये ठेवली आहे.

माझा राग ट्रिब्यूट करणाऱ्यांवर नाही. त्यांची मेहनत मला कळते. मेलबर्नच्या ब्योर्न अगेन या ग्रुपनं १९८८ साली स्वीडनच्या आबा या बँडची गाणी करायला घेतली, तेव्हा आबा मंचावरून उतरून काही वर्षं झाली होती. ज्यांना तो बँड कधी पाहायला मिळाला नसता त्यांना काही तरी मिळालं. ॲडलेडचा ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड हा ट्रिब्यूट बँड तर १९९६ साली खुद्द मूळ पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाजला. ज्याची गाणी वाजवता त्यानंच घरच्या कार्यक्रमाला बोलवावं, याहून मोठी पावती कोणती?

पण शहरातल्या शंभर संध्याकाळींपैकी शंभरही गेलेल्यांच्या नावानं लागल्या तर पन्नास वर्षांनी ट्रिब्यूट कुणाचा करणार? कुणी तरी आज नवं वाजवायला हवं आणि ते ऐकायला कुणी तरी बसायला हवं. कॅफेमालकाला धंदा आहे, मी समजू शकतो. मंडळाला तर धंदा नाही ना? तुमच्याकडे पाचशे माणसं आयती बसलेली असतात, तिकीट नसतं, कुणी उठून गेलं तरी आरतीला परत येतं. मग त्यातली वीस मिनिटं द्या. मध्यंतरानंतर नको, लोक खिचडीच्या रांगेत असतात. मध्यंतराच्या आधी द्या.

रामबागकर

भिया, हे पटलं. काका, तुमचं वाचून मी त्या संचाच्या मुलांना फोन केला. पण नारायणबागेतल्या ताईंचं म्हणणंही मनातून जात नाही. आमच्याकडे ज्येष्ठ खूप आहेत. आवाज वेगळा असला तर त्यांना ते परकं वाटेल का?

गाणं_शिकवणारी

मी इंदुरातच गाणं शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो. पालक मुलीला घेऊन येतात आणि म्हणतात, लतादीदींसारखं गाते. त्यात वाईट काही नाही. दीदी या शहरात जन्मल्या, १९२९ साली, त्यांचा आदर्श इथल्या मुलींनी नाही ठेवायचा तर कुणी? आणि सुरुवातीच्या काळात स्वतः दीदींच्या गाण्यावर नूरजहाँची छाप होती. मुकेश १९४५च्या 'पहली नज़र'मध्ये सैगलसारखे गायले. किशोरदा आपल्या इथेच ख्रिश्चन कॉलेजात शिकले. तेही आरंभी सैगलच्या वळणानं गायचे, सचिनदेव बर्मनांनी त्यांना स्वतःची वाट शोधायला सांगितलं. म्हणजे ज्यांचे आज ट्रिब्यूट होतात ते स्वतः कुणाची तरी छाया घेऊनच निघाले होते. ते तिथे थांबले नाहीत.

नक्कल थांबली नाही तर गळ्याचं नुकसानही होतं, हे मी समोर पाहिलंय. माझा एक विद्यार्थी मूळचा मोकळा, वरच्या पट्टीचा आवाज. शोसाठी तो आवाज घशात दाबून जाड करायला लागला. वर्षभरात सकाळी त्याचा षड्ज लागेना. दाबलेल्या आवाजात त्याला माइकवर टाळ्या मिळत होत्या, म्हणून सोडवतही नव्हतं. सहा महिने नुसते खर्जाचे पलटे केले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

नारायणबागेतल्या ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून डोळे भरून आले. पण मला वाटतं त्यांना आवाजापेक्षा चाल, लय आणि मधला वाद्यांचा तुकडा यांनी हात दिला असावा. अंतरा यायच्या आधीच त्या गाऊ लागल्या म्हणता, म्हणजे आवाज यायच्या आधीच त्यांना वाट दिसली होती. मूळ वाद्यमेळ नीट वाजला तर तीच वाट पुन्हा दिसेल. त्यांना या कार्यक्रमाला जरूर आणा.

नारायणबागेतली

असा विचार मी केला नव्हता. बासरी वाजत होती तेव्हा, आता आठवतंय. आणते त्यांना. पुढच्या रांगेत कडेची खुर्ची मिळेल ना?

फेडरवाला

मी साउंडचं काम करतो. गेल्या वर्षीसारखं होऊ नये म्हणून हे करा. साउंडचेकला स्वतः हजर राहा, पाठवलेल्या व्हिडिओवर जाऊ नका. ग्रुपला सांगा, हेच गाणं जरा संथ घ्या, मुखडा तीनदा म्हणा आणि मध्येच थांबून परत सुरू करा. हातानं वाजवणारा हसत करेल. ट्रॅक लावणारा लॅपटॉपकडे बघेल. ठरलेल्या कागदावर "सर्व वाद्ये प्रत्यक्ष वाजवली जातील" हे वाक्य लिहून घ्या. थोडा भाग ट्रॅकवर असणं मी पाप मानत नाही, पंधरा व्हायोलिनं कुठून आणणार? पण ते श्रोत्यांना आधी सांगावं.

अकरा वादक म्हणजे माइक आणि मॉनिटर जास्त लागतील, साउंडवर पैसे कमी करू नका. ग्लास, मादल, रेसोरेसो असली बारीक वाद्यं भोंगळ साउंडमध्ये पार बुडतात आणि मग केलेली मेहनत कुणाला ऐकूच जात नाही. मैदानाऐवजी बंद सभागृह मिळालं तर तेच घ्या. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणासाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, त्यात तुमचा दिवस बसतो का ते आधी विचारा.

आणि परवाना. कलाकार मानधन घेणारे आहेत, तेव्हा गाणी सादर करण्यासाठी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा परवाना काढा. रेकॉर्ड वाजवणार असाल तर त्याचा परवाना वेगळा. ही कटकट समजू नका. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात पक्का झाला. ज्यांना मानवंदना द्यायची त्यांच्या घरी त्यातले चार पैसे गेले पाहिजेत.

बडोदेकर_सुभा

वडोदऱ्याहून लिहितेय. आमच्याकडे नवरात्रात गरब्याला गायक-वादकांचा ताफा मैदानात प्रत्यक्ष वाजवतो, त्यामुळे हातानं वाजणारं आणि यंत्रातून येणारं यातला फरक इथल्या लहान मुलांच्या पायांनाही कळतो. इंदूरचा तो अकरा जणांचा संच घ्या. एक विनंती: प्रत्येक गाण्याआधी मूळ वादकाचं नाव सांगा, आणि गाणं झाल्यावर आज ते वाजवणाऱ्याचं. आमच्या महाराष्ट्र मंडळींच्या एका कार्यक्रमात असं केलं होतं. शेवटी लोक गायकाआधी ढोलकवाल्याभोवती जमले.

रामबागकर

मंडळी, काल बैठक झाली. अकरा जणांचा संच ठरला, मानधन एक लाख दहा हजार. सभागृह मिळालं. मध्यंतराच्या आधी वीस मिनिटं मुलांच्या बँडला, ज्येष्ठांनीही हो म्हटलं, फक्त गाणी आधी ऐकवा म्हणाले. नारायणबागेतल्या ताई, कडेच्या दोन खुर्च्या तुमच्या नावानं राखल्या.

जुने अकॉर्डियनवाले काका, संचाकडे अकॉर्डियन नाही, ते तुकडे ते कीबोर्डवर घेतात. मुलांनी तुमचा मेसेज वाचलाय. रविवारी सकाळी दहाला त्याच गॅरेजमध्ये तालीम आहे, पोहे-जलेबी आमच्याकडून. याल?

जुना_अकॉर्डियनवाला

येतो. माळ्यावरून काढलंय. भाता शाबूत आहे, पट्टा कुजलाय, उजवीकडच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. इंदुरात रीडचं काम करणारं कुणी उरलंय का? हार्मोनियमवाला असला तरी चालेल, मी शेजारी बसून सांगेन.

भिया_गिटार

काका, छावणीत एक पेटीवाले आहेत, माझ्या मामांची पेटी त्यांनीच लावली. शनिवारी चारला गाडी घेऊन येतो, वाद्य तुम्ही उचलू नका.